स्वामी कुवलयानंद

उत्तर कोकणात भोगावती नदीच्या काठी पेण आणि कुंडलिका नदीच्या काठी रोहे ही दोन जुनी गावे वसलेली आहेत. पूर्वीच्या कुलाबा व आजच्या रायगड जिल्ह्यातील हा भाग मुख्यतः भातशेतीचा. पावसाळ्यात चिखलात उभे राहून, कमरेत वाकून लावणी करावी, शरदात कापणी उरकावी आणि मग मोकळ्या झालेल्या मैदानांवर कबड्डीचे सामने भरवावेत, असा येथील कित्येक गावांचा क्रम आहे. चढाईस निघालेला गडी एका दमात कबड्डीचा घोष करीत प्रतिपक्षाच्या अंगणात शिरतो. तो कधी कमरेतून झुकतो, कधी एक पाय लांबवर पसरतो, कधी अंग आक्रसून घेतो. आणि चार जणांनी पकड केली असता अंगाला पीळ देऊन मध्यरेषेकडे झेपावतो. अशा वेळी नुसते बळ उपयोगी पडत नाही. सांधे मोकळे असावे लागतात, स्नायू लवचीक असावे लागतात आणि श्वास आपल्या ताब्यात असावा लागतो.

शरीरास हे गुण कसे येतात, ते अंगी बाणविण्याचे जे उपाय आपल्या पूर्वजांनी सांगितले ते खरोखर गुणकारी आहेत काय, आणि असल्यास का, या प्रश्नांचा शोध घेण्यात एका महाराष्ट्रीय पुरुषाने आपले सारे आयुष्य वेचले. पेणहून खोपोलीस जाणारा रस्ता पुढे बोरघाट चढून लोणावळ्यास पोचतो. त्या लोणावळ्याच्या थंड व शांत परिसरात त्यांनी आपला आश्रम उभारला. आश्रम म्हटला, की यज्ञकुंड व जपमाळ डोळ्यांपुढे येतात. परंतु या आश्रमात ध्यानमंदिराबरोबर प्रयोगशाळाही होती. या प्रयोगशील योग्याचे नाव स्वामी कुवलयानंद.

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदे संस्थानातील डभोई येथे झाला. वडील शिक्षक होते. घरची स्थिती अत्यंत बेताची असल्यामुळे जगन्नाथाचे शिक्षण मोठ्या कष्टाने व पुष्कळदा इतरांच्या साहाय्याने झाले. दारिद्र्याने त्याची बुद्धी मात्र झाकोळली नाही. १९०३ साली तो मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला आणि संस्कृत विषयातील प्रावीण्याबद्दल दिली जाणारी, त्या काळी अत्यंत मानाची समजली जाणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्याने मिळविली. पुढील शिक्षणासाठी तो बडोदे महाविद्यालयात दाखल झाला.

बडोदे हे त्या वेळी विद्येचे तसेच व्यायामाचे माहेरघर होते. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयामुळे तेथे नामांकित मल्ल व व्यायामाचार्य एकत्र आले होते. जुम्मादादा या थोर उस्तादांचे शिष्य राजरत्न माणिकराव हे त्यांपैकीच एक होत. उस्ताद मुसलमान आणि शिष्य हिंदू. परंतु आखाड्याच्या तांबड्या मातीत असा भेद कोणी मानीत नसे. माणिकरावांच्या व्यायामशाळेत कुस्ती, मल्लखांब, लाठी, लेझीम इत्यादी देशी प्रकार शास्त्रशुद्ध पद्धतीने शिकविले जात. शेकडो मुलांनी एका तालात करावयाच्या सांघिक व्यायामास त्यांनी निश्चित वळण दिले आणि त्यासाठी परक्या भाषेतील हुकूम न वापरता देशी भाषेतील आज्ञा रूढ केल्या. मोडलेले हाड व उखळलेला सांधा बसविण्यातही माणिकरावांचा हातखंडा होता.

१९०७ ते १९१० अशी तीन वर्षे जगन्नाथरावांनी या गुरूंच्या हाताखाली कसून मेहनत केली. जोर व बैठका यांनी अंगात बळ येते, हे त्यांनी येथे अनुभविले; त्याचबरोबर नुसते बळ वाढविणारा मल्ल कधी कधी ताठर बनतो, हेही त्यांच्या ध्यानात आले असल्यास नवल नाही. दंड कितीही पिळदार असले, तरी खांद्याचा सांधा मोकळा नसेल तर प्रतिस्पर्ध्याची पकड सुटत नाही. मांड्या खांबासारख्या असल्या, तरी कंबर वळत नसेल तर डाव साधत नाही. आपल्या जुन्या उस्तादांना हे पूर्णपणे ठाऊक होते. म्हणून तर कुस्तीगिराने मल्लखांबावर चढावे, त्यास विळखे घालावे, त्यावरून उलटे व्हावे व अंगाचा प्रत्येक सांधा मोकळा करून घ्यावा, अशी परंपरा त्यांनी घालून दिली होती. मल्लखांब हा जणू न बोलणारा व न दमणारा जोडीदारच होय.

बडोद्यात असतानाच जगन्नाथरावांच्या मनावर आणखी दोन थोर पुरुषांचा प्रभाव पडला. बडोदे महाविद्यालयात अध्यापन करणारे अरविंद घोष यांच्या विचारांनी त्यांच्या ठायी राष्ट्रभक्ती जागविली आणि लोकमान्य टिळकांच्या चळवळीने ती दृढ केली. देश परतंत्र होता. देशातील तरुण दुर्बळ, रोगी व आत्मविश्वास गमावलेले असावेत, ही गोष्ट त्यांच्या मनास सतत बोचू लागली. संसारात न पडता ब्रह्मचर्याने राहून लोकसेवा करावयाची, असा निश्चय त्यांनी तारुण्यातच केला आणि तो अखेरपर्यंत पाळला.

१९१० साली पदवी संपादन केल्यावर त्यांनी शिक्षकी पेशा पत्करला. खानदेशातील अमळनेर हे त्यांचे कार्यक्षेत्र बनले. पुढे ज्या गावी साने गुरुजींनी शिक्षक म्हणून मुलांची मने जिंकली, तेच हे अमळनेर. तेथे गुणे यांनी विद्यार्थ्यांस भारतीय संस्कृतीचे शिक्षण दिले. पुढे ते तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

याच काळात त्यांच्या जीवनास कलाटणी देणारी घटना घडली होती. बडोद्याजवळ नर्मदेच्या तीरावर मालसर नावाचे एक लहानसे क्षेत्र आहे. तेथे परमहंस माधवदासजी या नावाचे मूळचे बंगाली असलेले वृद्ध योगी राहत असत. १९१९ साली गुणे त्यांच्या सान्निध्यात आले व त्यांनी त्यांचे शिष्यत्व पत्करले. आखाड्यात कमावलेल्या शरीरास आता निराळेच शिक्षण मिळू लागले. येथे घाम गाळावयाचा नव्हता, दम लागेपर्यंत धडपडावयाचे नव्हते. एखादी स्थिती सावकाश घ्यावयाची, तीत निश्चल राहावयाचे, श्वास संथ चालू द्यावयाचा आणि तितक्याच सावकाशपणे पूर्वस्थितीस यावयाचे, असा हा अभ्यास होता. त्याचा परिणाम मात्र विलक्षण होता. शरीर हलके वाटे, सांधे मोकळे होत आणि मन प्रसन्न राही.

एखाद्या सामान्य साधकाचे एवढ्या अनुभवाने समाधान झाले असते. परंतु गुणे यांचे झाले नाही. त्या काळी योगासंबंधी समाजात दोन टोकांची मते प्रचलित होती. श्रद्धाळू लोक योग्यांच्या अंगी वाटेल त्या अद्भुत शक्ती आहेत असे मानीत. हवेत तरंगण्यापासून हृदय बंद पाडण्यापर्यंत कोणतीही कथा ते निःशंकपणे स्वीकारीत. उलट पाश्चात्य विद्या शिकलेले पुष्कळ लोक योग म्हणजे बैराग्यांचे चमत्कार, त्यात शिकण्यासारखे काही नाही, असे समजून त्याची टवाळी करीत. या दोन्ही पक्षांनी खरी गोष्ट तपासून पाहिली नव्हती. जी विद्या आपण स्वतः आचरतो ती खरी असेल तर तिने कोणत्याही परीक्षेस उतरले पाहिजे, असे गुणे यांना वाटू लागले.

हा विचार बोलावयास सोपा, परंतु आचरणास कठीण होता. गुणे यांच्याजवळ वैद्यकाची पदवी नव्हती आणि मौल्यवान यंत्रे विकत घेण्याइतका पैसाही नव्हता. शिवाय परीक्षा म्हटली, की अपयशाची शक्यता आलीच. गुरूंनी श्रद्धेने शिकविलेल्या क्रिया यंत्रापुढे खोट्या ठरल्या तर काय करावयाचे, हा प्रश्न होता. तथापि सत्य जाणून घ्यावयाचे तर ही जोखीम पत्करलीच पाहिजे, हे ओळखून त्यांनी १९२०–२१ च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात काही विद्यार्थ्यांच्या साहाय्याने प्रयोगांस आरंभ केला.

प्रयोगासाठी त्यांनी उड्डियान व नौली या दोन क्रिया निवडल्या. उड्डियानात श्वास पूर्णपणे बाहेर टाकून पोट आत व वर ओढून घेतात. नौलीत पोटाच्या मधले स्नायू एखाद्या उभ्या दांड्याप्रमाणे वेगळे काढून डावीकडून उजवीकडे व उजवीकडून डावीकडे फिरवितात. या वेळी पोटाच्या आत काय घडते, हे तोवर कोणीही पाहिले नव्हते. गुणे यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने आतील इंद्रियांच्या हालचाली पाहिल्या व दाबमापकाने आतड्यातील दाब मोजला. नौली करताना हा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहूनही कमी होतो, म्हणजे आत अंशतः पोकळी निर्माण होते, असे दिसून आले. योगी नौलीच्या साहाय्याने पाणी आत कसे ओढून घेतात, या जुन्या कोड्याचा उलगडा झाला. त्यात चमत्कार नव्हता. निसर्गाचा नियम होता. १९२१ साली माधवदासजींचे देहावसान झाले. शिष्याने आपल्या शोधास माधवदास पोकळी असे नाव देऊन गुरूंचे स्मरण चिरंतन केले.

१९२३ साली अमळनेरचे राष्ट्रीय महाविद्यालय बंद पडले. राष्ट्रीय वृत्तीची अशी विद्यालये तत्कालीन सरकारच्या डोळ्यांत सलत असत. हातचे काम गेले, परंतु गुणे खचले नाहीत. जे कार्य फावल्या वेळात चालले होते, त्यासच आता सर्वस्व वाहावयाचे त्यांनी ठरविले. ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळे येथे त्यांनी कैवल्यधाम या संस्थेची स्थापना केली आणि त्याच वेळी योगमीमांसा हे इंग्रजी त्रैमासिकही सुरू केले. येथून पुढे जग त्यांस स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखू लागले.

कैवल्यधामात सुरू झालेले काम त्या काळी अगदी नवे होते. सकाळी ज्या साधकाने आसने करावयाची, त्याच्याच दंडाला रक्तदाबमापकाची पट्टी बांधली जाई. सर्वांगासनात पाय वर व डोके खाली असते. शीर्षासनात तर सारे शरीर डोक्यावर तोललेले असते. अशा वेळी रक्तदाब भलताच वाढून अपाय होईल, अशी भीती अनेकांस वाटे. स्वामींनी निरोगी व सराव असलेल्या माणसांचे रक्तदाब आसनापूर्वी, आसनात व आसनानंतर मोजले. दाब वाढतो, परंतु लोक समजतात तितका वाढत नाही, असे या मोजमापांवरून आढळले. ही मोजमापे त्यांनी आकड्यांसह योगमीमांसेत छापली, म्हणजे कोणासही ती पडताळून पाहता यावीत. असे असले तरी डोक्यावर तोललेली आसने लहान मुलांनी जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीवाचून करू नयेत, हे उघडच आहे.

प्राणायामाच्या बाबतीत तर त्यांच्या सत्यनिष्ठेची कसोटीच लागली. दीर्घ श्वसनाने प्राणवायू पुष्कळ मिळतो व म्हणून प्राणायाम हितकर आहे, असे योगाचे पुरस्कर्ते त्या काळी मोठ्या उत्साहाने सांगत असत. स्वामींनी बाहेर टाकलेल्या हवेचे पृथक्करण केले. प्राणायामात श्वास दीर्घ असला तरी त्यांची संख्या अतिशय थोडी असते. त्यामुळे एकंदरीत प्राणवायू काही अधिक मिळत नाही, असे त्यांस दिसून आले. हा निष्कर्ष योगाच्या चाहत्यांस रुचण्याजोगा नव्हता. तो झाकून ठेवला असता तर कोणास कळलेही नसते. परंतु स्वामींनी तो स्पष्टपणे प्रसिद्ध केला आणि प्राणायामाचे महत्त्व प्राणवायूच्या साठ्यात नसून मज्जासंस्थेवर होणाऱ्या त्याच्या परिणामांत शोधले पाहिजे, असे प्रतिपादन केले. आपल्या आवडत्या विद्येविषयीही खोटी स्तुती त्यांस खपत नसे.

आसनांचा विचार करताना स्वामींनी सर्वांत अधिक लक्ष पाठीच्या कण्याकडे दिले. कणा हा लहान लहान मणक्यांचा बनलेला असून त्यातून मज्जारज्जू जातो. मणके एकमेकांवर सहज हलले, तर माणूस वाकू शकतो, वळू शकतो, झेप घेऊ शकतो. हालचालीवाचून बसून राहिल्याने किंवा सदैव एकाच दिशेने वाकून काम केल्याने कणा ताठर होतो. दिवसभर भाताची लावणी करणारा शेतकरी बलवान असतो, परंतु त्याची पाठ पुढेच वाकलेली असते. बाकावर पोक काढून बसणाऱ्या विद्यार्थ्याचीही तीच गत. आसनांत कण्यास सर्व दिशांनी व्यायाम मिळतो. भुजंगासन, शलभासन व धनुरासन यांत तो मागे वळतो. पश्चिमोत्तानासन व हलासन यांत पुढे वाकतो. अर्धमत्स्येंद्रासन व त्याहून सोपे वक्रासन यांत त्यास डावीउजवीकडे पीळ बसतो. पुढे वाकण्याच्या जोडीस मागे वाकणे आणि डाव्या पिळाच्या जोडीस उजवा पीळ असला म्हणजे शरीराचा समतोल राहतो.

आसन आणि कवायत यांतील मुख्य भेद वेगाचा आहे. कवायतीत हालचाल झटक्याने होते. आसनात ती सावकाश होते व अखेर थांबते. पतंजली मुनींनी आसनाचे लक्षण सांगताना स्थैर्य आणि सुख या दोन गोष्टींसच महत्त्व दिले आहे. या जुन्या शिकवणीमागील एक मोठे कारण आज शरीरशास्त्राने स्पष्ट केले आहे. प्रत्येक स्नायूत ताण ओळखणारे सूक्ष्म अवयव असतात. स्नायू अकस्मात ओढला गेला, की ते मज्जारज्जूस तत्काळ सूचना पाठवितात आणि स्नायू स्वतःच्या रक्षणासाठी आपोआप आकसतो. म्हणूनच हिसके देऊन पायाचे अंगठे धरू पाहणाऱ्या मुलाची मांडी अधिकच आखडते व कधी दुखावतेही. तोच मुलगा सावकाश वाकेल, सहन होईल तेथेच थांबेल आणि श्वास संथ ठेवील, तर स्नायू हळूहळू सैल पडतो व काही आठवड्यांत त्याचे हात आपोआप खाली पोचतात. शरीर जबरदस्तीने वश होत नाही; त्याचा विश्वास संपादन करावा लागतो.

स्वामी स्वतः आखाड्यात घडलेले असल्यामुळे त्यांनी जोर, बैठका, धावणे किंवा कुस्ती यांस कधीही कमी लेखले नाही. शक्ती व दमछाक वाढविणाऱ्या व्यायामाचे काम निराळे आणि आसनांचे काम निराळे, असे ते मानीत. दोन्ही एकाच माणसाने करण्यास त्यांची हरकत नव्हती. मात्र ते एकामागोमाग घाईने न उरकता मध्ये काही वेळ विश्रांती घ्यावी, अशी त्यांची शिकवण होती. आजच्या क्रीडाशास्त्रातही प्रत्येक प्रकारास त्याची योग्य वेळ नेमून दिलेली आहे. सामन्यापूर्वी हळू धावून, हातपाय फिरवून, चालत्या हालचालींनी अंग तापवावे. एकाच स्थितीत बराच वेळ ताण धरण्याचे प्रकार खेळ संपल्यावर अथवा निराळ्या वेळी करावेत, असे आज खेळाडूंस सांगण्यात येते. कारण फार वेळ ताणून धरलेल्या स्नायूचा जोर काही काळ किंचित उणावतो.

ही विद्या मूठभर साधकांपुरती न राहता शाळाशाळांतून पोचावी, अशी स्वामींची तळमळ होती. एकेका साधकास शिकविण्याची जुनी रीत शाळेत चालणे शक्य नव्हते. एका शिक्षकापुढे चाळीस-पन्नास मुले उभी असत. येथे माणिकरावांची शिकवण त्यांच्या उपयोगी पडली. सांघिक व्यायामाची शिस्त आणि आसनांचे तत्त्व यांचा मेळ घालून त्यांनी अनेकांनी मिळून करावयाच्या यौगिक व्यायामांची योजना तयार केली. यौगिक संघ व्यायाम या नावाचे त्यांचे पुस्तक १९३६ साली प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी १९३१ साली आसने व प्राणायाम या विषयांवरील त्यांचे इंग्रजी ग्रंथ प्रकाशित झाले होते.

१९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ अधिकारावर आले. शाळांतील शारीरिक शिक्षणाची स्थिती पाहून उपाय सुचविण्यासाठी त्या सरकारने एक समिती नेमली व तिचे अध्यक्षपद स्वामी कुवलयानंदांस दिले. त्या काळी पेण व रोहे ज्यात होते तो कुलाबा जिल्हाही याच प्रांतात मोडत असे. मोठ्या शहरातील एखाद्या शाळेस परदेशी साधने आणता येत. परंतु तालुक्याच्या गावातील शाळेजवळ पुष्कळदा एक लहानसे पटांगण व अंगावरच्या कपड्यांतील मुले यांखेरीज काही नसे. अशा शाळांस देशी व्यायाम, देशी खेळ व आसने हीच खरी उपयुक्त होती, कारण त्यांस फार खर्च लागत नाही. जमिनीवर अंथरलेली सतरंजी आणि जाणता शिक्षक एवढे पुरते. असे जाणते शिक्षक तयार करणे हीच मोठी निकड होती. १९३८ साली मुंबईजवळ कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाची शासकीय प्रशिक्षण संस्था सुरू झाली आणि तेथून शिक्षक प्रांताच्या निरनिराळ्या भागांत जाऊ लागले.

स्वामींच्या कार्याची कीर्ती हळूहळू सर्वदूर पसरली. १९२७ साली प्रकृती बिघडली असता महात्मा गांधींनी त्यांच्याशी पत्रव्यवहार करून आसनांविषयी सल्ला घेतला. १९३२ साली मुंबईत संस्थेची शाखा निघाली आणि शहरातील धकाधकीने थकलेल्या माणसांस तेथे मार्गदर्शन मिळू लागले. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे संशोधक कोवूर बेहनन हे लोणावळ्यास येऊन राहिले; त्यांनी स्वतः योगाभ्यास केला व १९३७ साली त्यावर ग्रंथ लिहिला. १९५७ साली वेंगर व बागची हे अमेरिकेतून आलेले शास्त्रज्ञ आपली यंत्रे घेऊन भारतातील योग्यांची परीक्षा करीत हिंडले, तेव्हा कैवल्यधामाचे दार त्यांस मोकळे होते. हृदय इच्छेनुसार थांबविता येते, या समजुतीस त्यांच्या यंत्रांनी दुजोरा दिला नाही. ज्या संस्थेने आरंभापासून परीक्षेचे स्वागत केले होते, तिला अशा निष्कर्षाचे भय वाटण्याचे कारण नव्हते.

स्वातंत्र्यप्राप्तीनंतर स्वामींनी लोणावळ्यास योगाचे महाविद्यालय सुरू केले. योगाच्या साहाय्याने रुग्णांवर उपचार करण्याचे कामही तेथे वाढत गेले. स्वतः स्वामी मात्र अखेरपर्यंत साधेपणाने राहिले. धन वा मठाधिपतीचे वैभव यांचा मोह त्यांस पडला नाही. प्रयोग, लेखन, अध्यापन आणि साधना यांत त्यांचा दिवस जात असे. १८ एप्रिल १९६६ रोजी वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर पुष्कळ काळ लोटला. २०१४ साली संयुक्त राष्ट्रसंघाने २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून जाहीर केला व २०१५ पासून तो जगभर पाळला जाऊ लागला. २०२४ साली कैवल्यधामास शंभर वर्षे पूर्ण झाली. आज धावपटू, पोहणारे, क्रिकेटपटू आणि कबड्डीचे गडी यांच्या नित्य शिक्षणात अंग लवचीक ठेवण्याच्या व्यायामांस मानाचे स्थान आहे. सांध्यांच्या हालचाली मोजण्याची नवी साधने निघाली आहेत आणि स्वामींच्या वेळच्या काही मोजमापांहून अधिक सूक्ष्म मोजमापे आता घेता येतात. पुढील संशोधनाने मागील संशोधनाची भर काढावी, दुरुस्ती करावी, हेच शास्त्राचे व्रत आहे आणि ते स्वामींसही मान्य होते.

योगासनांची परंपरा स्वामी कुवलयानंदांच्या फार पूर्वीपासून या देशात चालत आली होती. ती त्यांनी निर्माण केली नाही. आपल्या पूर्वजांची ठेव म्हणून त्यांनी ती मस्तकी धरली, परंतु डोळे मिटून नव्हे. तिच्यातील सोने कोणते व हीण कोणते, हे त्यांनी कसोटीच्या दगडावर घासून पाहिले आणि जे आढळले ते लोकांस जसेच्या तसे सांगितले. बळकट, तरीही ताठर नसलेले शरीर हा खेळाडूचा मोठा गुण. श्रद्धाळू, तरीही प्रश्न विचारण्यास न भिणारे मन हा विद्यार्थ्याचा मोठा गुण. हे दोन्ही गुण स्वामींच्या ठायी एकत्र नांदत होते, म्हणूनच त्यांचे चरित्र आजच्या मुलामुलींनी अवश्य अभ्यासावे असे आहे.